विषाचें औषध

उत्तनच्या कोळीवाड्यांत बोंबील उन्हांत वाळवितात. भाईंदरच्या मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकत आलें. मीठ आणि ऊन हीं अन्न राखणारीं साधनें किती मोलाचीं आहेत, हें युरोपला एका भयंकर विषानें शिकविलें. त्याच विषानें पुढें मान वांकडी झालेल्या रुग्णांना दिलासा दिला.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील वुर्टेम्बर्ग राज्यांत, आंतड्यांत भरून टिकविलेलें मांस खाऊन माणसें दगावत. प्रथम एकाच्या दोन वस्तु दिसत, मग घांस गिळवेना, अखेरीस श्वास थांबे. तेथील सरकारी वैद्य व कवि युस्टिनुस केर्नर यांनीं रुग्णांच्या हकीकती जमविल्या, विषाची चव स्वतः घेऊन पाहिली, आणि १८२२ सालीं एक विलक्षण तर्क मांडला: हें विष मज्जातंतूंची स्नायूंवरील सत्ता मोडतें, तेव्हां जेथें ती सत्ता अनावर होते, तेथें अत्यल्प मात्रेनें तें औषध ठरावें.

१८९५ सालीं बेल्जममधील एल्झेल गांवीं एका अंत्यविधीच्या प्रसंगीं खारविलेलें मांस खाऊन वादकमंडळी आजारी पडली, तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनीं त्या मांसांतून हवेवांचून वाढणारा जंतु शोधला. मीठ पुरेसें असल्यास विष उपजत नाहीं, हेंहि त्यांनींच दाखविलें.

१९४६ सालीं अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेंत हें विष स्फटिकरूपानें हातीं आलें. तेथील शास्त्रज्ञ एडवर्ड शांट्झ यांनीं पुढें तें सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांना पुरविलें. तिरळेपणावरील त्यांचे मानवी प्रयोग १९८० सालीं प्रसिद्ध झाले.

तेथून वैद्यांची दृष्टि मानेकडे वळली. सर्व्हायकल डिस्टोनिया या विकारांत मानेचे स्नायु आपोआप आंवळून डोकें एका बाजूस पिळलें जातें, वेदनाहि असते. पुष्कळ काळ हा मनाचाच खेळ मानला जाई, आणि रोग्यास दुखण्यासह दोषहि सोसावा लागे. १९८६ सालीं कॅनडांतील वैद्यांनीं तुलनात्मक परीक्षेनें या विषाचा गुण दाखविला. २००० सालीं अमेरिकेंत या उपचारास मान्यता मिळाली.

आंवळलेल्या स्नायूंत सुई टोंचतात. मज्जातंतूच्या टोंकाशीं निघणारा रासायनिक निरोप अडतो आणि स्नायु सैलावतो. हा गुण सुमारें तीन महिने टिकतो. मग पुन्हां सुई घ्यावी लागते. मूळ व्याधि जात नाहीं. मात्रा वा जागा चुकल्यास घांस गिळणें जड जातें. केर्नर यांनीं पाहिलेलें तेंच लक्षण आजहि वैद्याला सावध ठेवतें.