ट्रकच्या केबिनमधला आवाज

पनवेलचा इतिहास सांगताना आपण बंदर, वाडे, तळी आणि 1852 ची नगरपालिका एवढ्यावर थांबतो. चाकांचा इतिहास बाजूला राहतो. ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरांमध्ये पनवेलचा उल्लेख बैलगाडीची चाकं बनवणारं गाव असाही आहे. कारण उघड आहे. मुंबईहून पाण्याने यायचं, पनवेलला उतरायचं आणि बोरघाट चढून पुण्याकडे निघायचं, असा तो मार्ग होता. 1830 मध्ये घाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. 1863 मध्ये रेल्वेने तोच घाट ओलांडला, पण कर्जतमार्गे. पनवेल रुळांपासून दूर राहिलं आणि रस्त्याशीच बांधलेलं राहिलं.

त्या गाड्यांच्या बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा असत. शोभेपलीकडे त्यांचं एक काम होतं. अंधारात समोरच्याला गाडी येत असल्याचं कळे आणि गाडीवानालाही सोबत होई. रात्रभर एकट्याने वाहन हाकणाऱ्या माणसाला कानाला काहीतरी लागतंच. पुढे वाहनं बदलली, पण ही गरज तशीच राहिली.

1954 मध्ये जमशेदपूरला टेल्कोने डेमलर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली. आजच्या मुलांना एक गोष्ट सांगितली तर खरी वाटत नाही. त्या काळी कारखान्यातून बहुतेक वेळा पूर्ण ट्रक येतच नसे. इंजिन, चासी आणि पुढचा दर्शनी भाग एवढंच यायचं. केबिन आणि हौदा बाहेरचे बॉडीवाले बांधायचे. लाकूड, पत्रा, रंग, झुंबर, आरसे आणि मागची शेरोशायरी, सगळं त्यांच्या आणि मालकाच्या पसंतीचं. म्हणजे कंपनीची साउंड सिस्टिम असा प्रकारच नव्हता. जे काही वाजायचं ते कोणीतरी हाताने बसवलेलं असायचं. या कारागिरीचा इतिहास कोणी लिहिला नाही. तो वायरमनच्या हातातच राहिला आणि त्याच्याबरोबर निघून गेला.

आधी रेडिओ होता, पण तोही सहज मिळणारा नव्हता. रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि पोस्टात त्याची फी भरावी लागे. 1952 मध्ये आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळपास दार बंद केलं, तेव्हा देश रेडिओ सिलोनकडे वळला आणि अमीन सयानींचा आवाज घरोघरी पोचला. (सयानींची आई कुलसूम सयानी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाला हा तपशील वगळणं जमत नाही.) 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली आणि 1967 मध्ये तिची जाहिरातींची सेवा मुंबई, पुणे, नागपूर इथून सुरू झाली. पण घाटात शिरलं की रेडिओ खरखरायचा. शिवाय रेडिओ त्याला हवं ते वाजवणार, तुम्हाला हवं ते नाही.

हे बदललं कॅसेटने. फिलिप्सने 1963 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट मांडली. आपल्याकडे तिचा खरा जमाना ऐंशीच्या दशकात आला. तोवर रेकॉर्डच्या बाजारावर ग्रामोफोन कंपनीची, म्हणजे एचएमव्हीची, पकड होती. काय रेकॉर्ड व्हायचं हे मोजकी माणसं ठरवायची. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने 1993 मध्ये ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात दाखवून दिलं, की स्वस्त कॅसेटने ही मक्तेदारी मोडली आणि लोकगीतं, भक्तिगीतं, प्रादेशिक गाणी यांना बाजार मिळाला. माझं म्हणणं असं, की या बदलाचा एक मोठा गिऱ्हाईक ट्रक ड्रायव्हर होता. त्याला वेळच वेळ होता आणि निवड त्याची स्वतःची होती.

काय वाजायचं? कव्वाली तर हवीच. इस्माईल आझाद आणि त्यांचे शागीर्द अझीझ नाझां यांचे आवाज रस्त्याला माहीत होते. नाझांची 1974 च्या ‘फाइव्ह रायफल्स’मधली कव्वाली तर ढाब्याढाब्यावर वाजली. पण नुसता मुसलमान ड्रायव्हरच कव्वाली ऐकायचा असं समजू नका. आणि प्रल्हाद शिंदे? ते विठ्ठलाची गाणी गायचे, भीमगीतं गायचे आणि कव्वालीही गायचे. डॅशबोर्डवर हे सगळे एकाच डब्यात, एकमेकांना खेटून असायचे. समाजाच्या सरमिसळीबद्दल परिषदा भरवणाऱ्यांनी तो डबा पाहायला हवा होता.

आता बसवण्याच्या हिकमती. अनेक जड ट्रक 24 व्होल्टचे, टेप 12 व्होल्टचा. मग दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच वायर ओढायची. टेप छान वाजायचा, पण एक बॅटरी जास्त उतरायची, दुसरी जास्त चार्ज व्हायची आणि शेवटी दोन्ही अकाली जायच्या. बरोबर उपाय म्हणजे 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर. धुळीने हेड भरलं की स्पिरिटचा बोळा फिरवायचा, फीत गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची. हे शिक्षण क्लीनरला, म्हणजे आपल्या ‘किन्नर’ला, गाडी शिकण्याआधी मिळायचं.

कॅसेट गेली, सीडी आली, ती पेनड्राइव्हने घालवली, मग मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं आली आणि मोबाइलने तीही बसवली. दरम्यान 1989 मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं, कळंबोलीला लोखंडाचा बाजार बसला आणि 2002 पर्यंत एक्सप्रेस वे पूर्ण झाला. पनवेल पुन्हा चाकांचं गाव झालं.

आता ट्रक कारखान्यातूनच केबिनसह येऊ लागले आहेत आणि काहींत सिस्टिमही बसवलेली असते. तिचे स्पीकर लहान, बसवायच्या जागा कंपनीला सोयीच्या. अनेक गाड्यांच्या सिस्टिममध्ये तर आवाज वाढवला की खालचे सूर मुद्दाम कापले जातात, लहान स्पीकर फाटू नये म्हणून. इथे डीएसपी, म्हणजे डिजिटल साउंड प्रोसेसर, कामाला येतो. मूळ डेक काढायचा नाही. त्याच्या स्पीकरच्या वायरींतून सिग्नल घ्यायचा, आकड्यांत बदलायचा, दुरुस्त करायचा आणि अँप्लीफायरला द्यायचा. आकडेमोडीची ही पद्धत आपल्या पिढीएवढीच जुनी आहे. 1978 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने मुलांना स्पेलिंग शिकवणारं एक बोलकं खेळणं काढलं, त्यात अशी चिप होती. 1983 मध्ये त्याच कंपनीची टीएमएस 32010 ही चिप बाजारात आली आणि मग हे काम सर्वत्र पसरलं. चिप ज्या पायऱ्यांनी हिशेब करते त्यांना अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द बगदादच्या अल-ख्वारिझ्मीच्या नावावरून आला.

ती दुरुस्ती नेमकी काय? आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर त्याच्यापासून समजा 70 सेंटिमीटर, डावा 1 मीटर 70 सेंटिमीटर. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे डावा आवाज जवळपास 3 मिलिसेकंद उशिरा पोचतो. कव्वालीतल्या टाळ्या मग एकाच बाजूने येतात. डीएसपी उजव्या स्पीकरला तेवढंच थांबवतो आणि कव्वाल समोर काचेपाशी येऊन बसतो.

दुसरं काम इंजिनाशी आहे. सहा सिलिंडरचं इंजिन 1500 फेऱ्यांवर फिरत असेल तर सेकंदाला 75 स्फोट होतात, म्हणजे 75 हर्ट्झची घरघर. ढोलकाचा घुमारा साधारण त्याच पट्ट्यात असतो. घरघर तो गिळते. ड्रायव्हर काय करतो? सगळाच आवाज वाढवतो आणि वरचे सूर कान फोडतात. डीएसपीने तेवढाच पट्टा उचलता येतो, बाकीचं खाली ठेवता येतं.

मला हा मुद्दा चैनीचा वाटत नाही. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने कामाच्या जागी आठ तासांसाठी 85 डेसिबलची मर्यादा सुचवलेली आहे. आपल्याकडच्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाचे आठ तास लिहिलेले होते. प्रत्यक्षात किती ड्रायव्हर आठ तासांनी उतरतात हे कळंबोलीच्या कोणत्याही टपरीवर विचारा. इंजिन आणि वर टेप, असं वीस वर्षं ऐकलेल्या कानाचं काय होतं ते त्यांच्या मोठ्याने बोलण्यावरून कळतं. संगीत झोपेला पर्याय नाही, हेही मालकांना सांगायला हवं. घाटात डोळा लागला तर कोणतीही चिप वाचवत नाही.

नव्या ट्रकना 2025 पासून एसी केबिनची सक्ती झाली आहे. काच बंद राहिली की बाहेरचा आवाज कमी होतो आणि गाणं हळू ठेवूनही ऐकू येतं. बसवणाऱ्यांसाठी एक सूचना: ड्रायव्हरच्या कानाचा हिशेब करून लावलेली सेटिंग किन्नरच्या जागेवर बिघडते. त्याच्या बाजूला गाणं आणखी एकतर्फी लागतं. चांगल्या डीएसपीत सेटिंग साठवता येतात. एक ड्रायव्हर एकटा असेल तेव्हाची ठेवावी, आणि दुसरी दोघांची.