औंधचा संगीतोत्सव आणि अनवट राग

सातारा जिल्ह्यातील औंध येथे १९४० साली संस्थानचे दरबारी गायक अनंत मनोहर जोशी, म्हणजेच अंतुबुवा, यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ जो संगीतोत्सव सुरू केला, त्याचे मूळ तिकीट लावून होणाऱ्या शहरी मैफलीत नसून गुरुस्मरणाच्या सेवेत आहे. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे अंतुबुवांचे गायनातले गुरू. आजच्या सांगली जिल्ह्यातील, कृष्णेजवळच्या मिरजेत बाळकृष्णबुवांकडेच विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, त्यामुळे औंधच्या परंपरेचे एक मूळ कृष्णाकाठी सापडते. अंतुबुवांचे पुत्र गजाननबुवा (१९११–१९८७) यांनी ग्वाल्हेरसोबत भुर्जीखाँ यांच्याकडून जयपूर आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडून आग्रा गायकी आत्मसात केल्याने, अनवट म्हणजे मैफलीत क्वचितच गायले जाणारे राग आणि दुर्मीळ बंदिशी, म्हणजे ठरावीक राग-तालात बांधलेल्या रचना, यांचा मोठा साठा या कुटुंबाकडे आला. असा साठा लिखित स्वरलिपीपेक्षा कंठातच अधिक टिकतो, आणि तो गाऊन दाखवायला जाणत्या श्रोत्यांची छोटी बैठक मोठ्या सभागृहापेक्षा निश्चितच सोयीची ठरते.