गीझरला धुराडं नव्हतं

आज बाथरूमच्या भिंतीवरच्या एका डब्याचा इतिहास बघू.

१८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन यानं गॅसवर चालणारा पाणी तापवायचा बंब बनवला. आइसलँडमधल्या गेसिर नावाच्या उकळत्या पाण्याच्या झऱ्यावरून त्याचं नाव ठेवलं गीझर. आपण आज विजेच्या बंबालाही तेच म्हणतो! मॉनच्या यंत्रात एक मोठी उणीव होती. जळलेला वायू बाहेर न्यायला धुराडंच नव्हतं.

लंडनचा तेव्हाचा गॅस दगडी कोळशापासून काढलेला. अमेरिकेत पिट्सबर्गला मात्र जमिनीतून निघणारा नैसर्गिक वायू शहरात येऊ लागला होता. तिथेच १८८९ च्या सुमारास एडविन रूड या नॉर्वेहून आलेल्या इंजिनिअरनं टाकीचा, आपोआप चालणारा गॅस हीटर केला.

मग वीज आली, तरी गॅस का टिकला? सोपा हिशोब आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साडेदहा किलोवॉट लागतात. घरातलं १६ अँपिअरचं सॉकेट देतं साधारण साडेतीन. म्हणून विजेच्या गीझरला टाकी लागते आणि थांबावं लागतं. गॅसवाला नळ सोडला की सुरू.

आपल्याकडे पाइपनं घरोघर नैसर्गिक वायू देण्यात बडोदा फार पुढे होतं. १९७२ पासून. माझं आजोळ तिथलंच. तांब्याचा बंब अडगळीत गेला आणि बाथरूममध्ये गॅसचा गीझर आला, याचा मामीला कोण आनंद! लाकडं नाहीत, धूर नाही.

धूर दिसत नव्हता, एवढंच. कोळशाच्या गॅसमध्ये मुळातच कार्बन मोनॉक्साइड असे, नैसर्गिक वायूत तो नसतो. पण बंद खोलीत हवा कमी पडली की जळताना तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो.

एका जानेवारीत मामेभाऊ खिडकी लावून अंघोळीला गेला. पाण्याचा आवाज चालू, हाकेला ओ नाही. मामांनी दाराची कडी तोडली. तो वाचला, पण दोन दिवस डोकं धरून बसला होता. बसवणाऱ्यानं बाहेर जाणारी नळी लावलीच नव्हती. मॉनच्या लंडनसारखीच गत!

मामांनी आठवड्यात गीझर बाहेर गॅलरीत हलवला. बाथरूमच्या भिंतीतली त्याची चार भोकं अजून बुजवलेली नाहीत.