पंप ओढत नाही

वाईहून पाचगणीकडे चढणाऱ्या पसरणीच्या घाटात एके काळी ऐन मे महिन्यात एक दृश्य हमखास दिसे. रस्त्याच्या कडेला फियाट उभी आहे, बॉनेट उघडे आहे आणि चालक इंजिनाच्या अंगाला लागून असलेल्या एका छोट्या डबीवर ओले फडके गुंडाळतो आहे. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी सुरू होई आणि पुढे निघे. ती डबी म्हणजे पेट्रोलचा पंप. तो बिघडला असेल तर ओल्या फडक्याने सुधारला कसा? आणि बिघडला नसेल, तर टाकीत पेट्रोल असूनही ते इंजिनापर्यंत का पोचत नव्हते?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी मोटारीइतकेच विहिरीकडेही पाहावे लागते. दोन्ही ठिकाणी पंपाचा इतिहास एकाच दिशेने गेला आहे आणि त्याचे कारणही एकच आहे.

मोट आणि पंप

मोटेला चोषण ठाऊक नव्हते. बैल धावेवरून उतरले की पाण्याने भरलेली मोट वर येई. विहीर खोल असली तर दोर लांब करावा लागे, इतकेच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आपला कारखाना हलवला. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आहे. किर्लोस्करवाडी मात्र १९४९ साली निघालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. लोखंडी नांगरांपाठोपाठ १९२० च्या दशकात किर्लोस्करवाडीत पंप तयार होऊ लागले. १९३० च्या दशकात सातारा शहरात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने डिझेल इंजिने बनवायला घेतली. हळूहळू मोटेची जागा इंजिन आणि पंप यांनी घेतली.

पण मोटेला नसलेली एक मर्यादा पंपाला होती. पंप पाणी ओढतो असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, एवढेच. पाणी वर ढकलण्याचे काम विहिरीतील पाण्याच्या पृष्ठभागावर दाबणारे वातावरण करते. चोषणपंप ठरावीक उंचीपलीकडे पाणी चढवू शकत नाही, ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली होती. त्याचा शिष्य टॉरिचेली याने १६४४ मध्ये तिचा उलगडा केला. समुद्रसपाटीवर वातावरण पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरते. नळीतील घर्षण, पाण्याची वाफ आणि सांध्यांतून शिरणारी हवा यांमुळे व्यवहारात सहा-सात मीटरच हाती लागतात.

म्हणून आपल्याकडे पंप विहिरीच्या काठावर न ठेवता आत, पाण्याजवळच्या ओट्यावर बसवत. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पंपही खाली न्यावा लागे. पुढे पाण्यात बुडवून ठेवायचा सबमर्सिबल पंप आला आणि ही यातायात संपली. जे काम चोषणाने साधत नव्हते, ते पाण्याशेजारी जाऊन खालून ढकलण्याने साधले.

मोटारीतील तोच प्रवास

सुरुवातीच्या कित्येक मोटारींना पंपच नव्हता. १९०८ पासून निघालेल्या फोर्ड मॉडेल टीची टाकी आसनाखाली होती आणि पेट्रोल उताराने कार्ब्युरेटरमध्ये येई. टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढ आला की टाकी खाली आणि इंजिन वर अशी स्थिती होई. मग चालक गाडी वळवून उलटी चढवत! स्कूटरमध्ये मात्र हीच साधी युक्ती दीर्घकाळ टिकली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातील कारखान्यातून बाहेर पडलेल्या स्कूटरींत सीटखालची टाकी कार्ब्युरेटरपेक्षा उंच असे. तेथे पंप नव्हता, म्हणून पंपाचा बिघाडही नव्हता.

मोटारी बुटक्या झाल्या, टाकी मागे आणि खाली गेली, तेव्हा पंप आवश्यक ठरला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंजिनावर बसणारा पडद्याचा पंप रूढ झाला. इंजिनाचा कॅमशाफ्ट त्याची तरफ हलवी. पडदा खाली आला की पेट्रोल आत येई, वर गेला की पुढे जाई. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटमध्ये, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीत, हाच पंप होता. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीत आहे, त्यांनीच ही प्रीमियर कंपनी १९४४ मध्ये उभारली.

जमिनीलगत धावणाऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांनी विजेवर चालणारा एसयू पंप वापरला. १९४५ साली आलेल्या एमजी टीसीमध्ये तो बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर असे. १९६२ च्या एमजीबीमध्ये तो मागे टाकीजवळ गेलेला दिसतो. आपल्याकडे २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली आणि पंप थेट टाकीत बुडाला.

ही वाटचाल का झाली, ते घाटातील फियाट सांगते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके आहे. केवळ वजन पाहिले तर वातावरण त्याचा तेरा मीटरहून उंच स्तंभ तोलेल. मोटारीत तर चढवायचे असते मीटरभरसुद्धा नाही. अडचण उंचीची नाही, वाफेची आहे. पेट्रोल झटकन उडून जाते. तापलेल्या इंजिनाजवळ नळीतील पेट्रोल गरम होते आणि पंप तेथे दाब आणखी कमी करतो. घाटमाथ्याकडे जाताना वातावरणाचा दाबही घटतो. महाबळेश्वरच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्केच उरतो. अशा वेळी पेट्रोल नळीतच उकळते आणि पंपाच्या वाट्याला द्रवाऐवजी वाफ येते. पंप हलत राहतो, पेट्रोल मात्र पुढे जात नाही. ओल्या फडक्याने पंप थंड होतो आणि वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. पंप बिघडलेला नव्हताच. तो चुकीच्या जागी होता.

टाकीतला पंप पेट्रोलवर तीन-चार वातावरणांचा जादा दाब देऊन ते पुढे ढकलतो. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, म्हणून नळी तापली तरी पेट्रोल द्रवच राहते.

दोष कोणत्या बाजूला?

पंपाची जागा बदलली तशी बिघाडाची लक्षणेही बदलली. पंपाच्या अलीकडची बाजू चोषणाची, पलीकडची दाबाची. दाबाच्या बाजूला भोक पडले तर पेट्रोल ठिबकते आणि दिसते. चोषणाच्या बाजूला भोक पडले तर बाहेर थेंबही येत नाही, उलट हवा आत शिरते. शेतकरी म्हणतो, 'पंपानं हवा धरली.' एमजीचा चालक हेच कानाने ओळखी. चावी फिरवल्यावर एसयू पंप भरभर टिकटिकतो आणि कार्ब्युरेटर भरले की थांबतो. टिकटिक जोरात चालूच राहिली तर टाकी रिकामी आहे किंवा चोषणनळीतून हवा येते आहे. आवाजच नसेल आणि पंपावर हलकी टिचकी मारताच तो सुरू झाला, तर आतले विजेचे संपर्कबिंदू जळत आले आहेत.

टाकीतल्या पंपाला टिचकी मारता येत नाही, पण विचाराची पद्धत तीच. चावी फिरवल्यावर दोनएक सेकंद बारीक घरघर ऐकू येते का? नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंपाच्या तारांवर प्रत्यक्ष पोचणारे व्होल्टेज आणि अर्थिंग तपासावे. गंजलेल्या जोडावर दोन-तीन व्होल्ट खर्च झाले तर चांगला पंपही मंदावतो. घरघर आहे, पण दाबमापक कमी दाब दाखवतो, तर तुंबलेला फिल्टर किंवा दाब राखणारी झडप संशयित ठरते. इंजिन बंद करताच दाब झपाट्याने उतरत असेल, तर एकमार्गी झडप गळत असू शकते. विहिरीतला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे बोलीतला 'फुटबॉल', गळला की दरवेळी पाइपात पाणी ओतावे लागते, तसाच हा प्रकार.

एवढे झाल्यावरच पंप बदलण्याचा निर्णय योग्य ठरतो. हा क्रम टाळला तर महागडा पंप बसतो आणि शंभर रुपयांचा रिले तसाच राहतो. विहिरीवर ही घाई आणखी महाग पडते, कारण दोष सापडेपर्यंत उभे पीक थांबत नाही.

बदलण्याचे काम प्रशिक्षित कारागिराचेच. तो आधी नळीतील दाब उतरवतो, बॅटरीची तार काढतो आणि मोकळ्या हवेत, ठिणगीपासून दूर काम करतो. पंपाबरोबर जाळी आणि टाकीच्या झाकणाचे रबरी कडेही नवे घालतो. विद्यार्थी विचारतील, पेट्रोलमध्ये विजेची मोटर, मग स्फोट का होत नाही? पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच पेटते. पंपाच्या आत पेट्रोल भरलेले असते, जळायला हवा नसते. टाकीच्या मोकळ्या भागातही एरवी वाफ या मर्यादेपेक्षा दाट असते. भोवतालचे पेट्रोल पंपाला थंडही ठेवते. म्हणून सतत 'रिझर्व्ह'वर चालणाऱ्या गाडीचा पंप लवकर जातो.

वर्गात

घाटातली घटना वर्गात पाहता येते, पेट्रोलशिवाय! सुईविरहित सिरिंजमध्ये साधारण ७० अंश सेल्सिअसचे थोडे गरम पाणी घ्यावे, हवा काढून टाकावी, तोंड रबरी टोपणाने घट्ट बंद करावे आणि दट्ट्या जोराने मागे ओढावा. पाणी उकळू लागते. दट्ट्या सोडला की उकळणे थांबते. त्यानंतर एका स्ट्रॉला मध्यावर टाचणीने भोक पाडून सरबत प्यायला द्यावे. भोकातून थेंबही गळत नाही, तरी सरबत नीट वर येत नाही. दोष कोठे आहे आणि तो डोळ्यांना का दिसत नाही, हे मुलांनाच सांगू द्यावे. ज्यांच्या घरी विहीर आहे, ती मुले बहुधा पहिली उत्तरे देतील.