कमी औषधाचा इतिहास

तीन वर्षांपूर्वी आपल्या बॅचच्या ग्रुपवर शाळेचे जुने फोटो फिरत होते, तेव्हा एका रात्री एका मैत्रिणीचा मला वेगळा मेसेज आला. तिच्या बहिणीच्या दोन महिन्यांच्या बाळाला मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत छोटी गाठ निघाली होती. शंका न्यूरोब्लास्टोमाची, म्हणजे लहान मुलांच्या कॅन्सरची. "डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन नको, केमो नको, नुसती सोनोग्राफी करत राहू. आम्हाला टाळतायत का गं?"

मी सॉफ्टवेअरवाली. शरीरशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या आकृत्यांपुरता. पण उगाच "सगळं ठीक होईल" म्हणणं जिवावर आलं, म्हणून वाचत बसले. तेच इथे लिहिते आहे, मैत्रिणीला विचारून.

हा आजार अपक्व मज्जापेशींतून उगवतो, हे 1910 साली बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी मांडलं. पुढची कित्येक दशकं डॉक्टर त्याच्या लहरीपणाने चक्रावले. एका मुलाचा तो काही महिन्यांत जीव घ्यायचा, तर दुसऱ्याच्या अंगातून आपोआप नाहीसा व्हायचा. 1963 मध्ये बेकविथ आणि पेरिन यांनी इतर कारणांनी दगावलेल्या तान्ह्या बाळांच्या ग्रंथी तपासल्या. या पेशींचे बारीक पुंजके त्यांत सापडले, आणि तेही आजाराच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त वेळा. याचा अर्थ, अनेक बाळांत ते निर्माण होऊन कुणाला कळायच्या आत विरूनही जात असणार.

मला सगळ्यात भावल्या त्या डॉ. ऑड्री इव्हान्स. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या, पण काम केलं फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलात. 1971 मध्ये त्यांनी आजाराच्या पायऱ्या ठरवल्या आणि त्यात एक विचित्र खाना ठेवला, '4-एस'. यातली बाळं एक वर्षाच्या आतली असत. आजार यकृत, त्वचा, अस्थिमज्जा इथपर्यंत पसरलेला, तरी बहुतेक जण फारशा औषधाविना बरे होत. पसरलेला कॅन्सर दिसत असताना हात आवरता घ्या, असं त्या काळी सांगायला किती धाडस लागलं असेल! (मुलांना दूरच्या गावाहून आणणाऱ्या आईवडिलांची राहायची सोय म्हणून 1974 मध्ये निघालेल्या पहिल्या रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउसमागेही याच बाई.)

पण कुणाच्या बाबतीत हात आवरायचा, हे नुसत्या पायऱ्यांवरून पुरतं कळत नव्हतं. 1984–85 मध्ये ब्रॉडर, सीगर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गाठीत 'मायसीएन' या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर आजार उग्र असतो. आता वय, पसरण आणि जनुक एकत्र पाहून मुलांचे गट पाडता येऊ लागले. उग्र गटाचे उपचार वाढतच गेले: जास्त मात्रेची केमो, स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण, पुढे अँटीबॉडी. तरीही तिथली लढाई आजही अवघडच आहे.

मधल्या गटाचं उलट झालं. 1997 ते 2005 च्या अमेरिकी चाचणीत गाठीचे गुणधर्म चांगले असलेल्यांना केमोची चार आवर्तनं दिली, इतरांना आठ. आधीपेक्षा औषध कमी, तरी तीन वर्षांनंतर सुमारे 96 टक्के मुलं हयात होती. हे वाचलेलं औषध लहानसहान नाही. डॉक्सोरुबिसिन हृदयाला इजा करू शकतं, इटोपोसाइडमुळे क्वचित पुढे रक्ताचा कॅन्सर होतो, आणि या मुलांपुढे तर अख्खं आयुष्य असतं.

जपानची गोष्ट मला चटका लावून गेली. तिथे 1980 च्या दशकात देशभरातल्या सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासू लागले. हेतू चांगलाच होता. रुग्ण भराभर सापडले, त्यांच्यावर ऑपरेशनं झाली, केमो झाली. 2002 मध्ये क्वेबेक आणि जर्मनीतले अभ्यास आले: अशा तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. जास्तीचे सापडत होते ते बरेचसे आपोआप विरणारे. 2003 मध्ये जपानने तपासणी थांबवण्याचं ठरवलं. त्या मधल्या वर्षांत विनाकारण उपचार झालेली मुलं आज आपल्याहून थोडी लहान असतील.

मैत्रिणीच्या कामी आला तो 2012 चा अभ्यास. सहा महिन्यांच्या आतल्या, ग्रंथीत छोटी गाठ असलेल्या 83 बाळांवर नुसती नजर ठेवली होती. 16 जणांना पुढे ऑपरेशन लागलं. दगावलं एकही नाही. मी तिला रात्री दीड वाजता फोन करून हा आकडा वाचून दाखवला, आणि बाकीचं सगळं डॉक्टरांनाच विचार, असंही बजावलं.

दर सोनोग्राफीला गाठ लहान होत गेली. पोरगं यंदा बालवाडीत जायला लागलंय.