तळटीपांचे इमान

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे (१८८०–१९७२) हे रत्नागिरी जिल्ह्याचेच सुपुत्र. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केले. पानाच्या वरच्या भागी इंग्रजी विवेचन, खाली बारीक टाइपात देवनागरी मूळ वचने. कित्येक ठिकाणी टीपांनीच अधिक जागा व्यापिली आहे. दोन लिप्यांचे खिळे जुळविणाऱ्याचे काय हाल झाले असतील! तथापि सावर्ड्यासारख्या गावी, मोठ्या ग्रंथालयापासून दूर बसलेल्या वाचकासही ग्रंथकाराचे प्रमाण जागच्या जागी पारखून त्याच्याशी वाद घालिता येतो, तो या मांडणीमुळेच. आपला शोधनिबंध छापावयास देताना मूळ वचन गाळून नुसता पृष्ठांक देणारे लेखक वाचकाचा हा हक्क हिरावून घेतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.