चांद्याचा स्वातंत्र्यलढा आणि त्यानंतरचा सशस्त्र संघर्ष

चंद्रपूर व गडचिरोली हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्याचे भाग होते. त्या जिल्ह्याचे जुने नाव चांदा. सिरो-मलबार विधीच्या चांदा धर्मप्रांताच्या नावात ते आजही टिकून आहे. येथील दोन संघर्षांचा संक्षिप्त परिचय आम्ही वाचकांसाठी देत आहोत.

स्वातंत्र्यलढा

गोंड जमीनदार घराण्यातील बाबूराव शेडमाके यांनी आदिवासी तरुणांचे 'जंगोम दल' उभारून मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने इंग्रजांनी बाबूरावांना पकडले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा तरुण हुतात्मा झाला. संतप्त जमावाने काही सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. त्यानंतर लष्कराने गावातील स्त्रियांवर अत्याचार केले. त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले.

स्वातंत्र्यानंतर

परकीय सत्ता गेली. परंतु जंगलावर हक्क कोणाचा, हा प्रश्न राहिला. १९८० मध्ये आंध्रातून आलेल्या नक्षलवाद्यांनी तेंदूपाने व बांबूच्या मजुरीचा प्रश्न हाती घेऊन येथे पाय रोवले. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस, एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर परिसरात ४० माओवादी आणि १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ १५ पोलीस व एक वाहनचालक मृत्युमुखी पडले. 'पोलिसांचा खबऱ्या' ठरवून अनेक गावकऱ्यांनाही मारण्यात आले. दोन्ही बाजूंना आदिवासी मातांचे पुत्र होते.

आयर्लंडचे उदाहरण

१९१६ च्या डब्लिन उठावानंतर आयर्लंडचा बहुतांश भाग स्वतंत्र झाला. उत्तर भाग मात्र ब्रिटनकडे राहिला. तेथे कॅथलिक व प्रॉटेस्टंट समाजांतील संघर्षात सुमारे ३,५०० लोकांचा बळी गेला. आपल्याकडील संघर्ष धर्माचा नाही, हा भेद महत्त्वाचा आहे. तरीही शांतीचा मार्ग अभ्यासण्याजोगा आहे. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी द्रोएडा येथे हिंसा सोडण्याची कळकळीची विनंती केली. बेलफास्टचे फादर ॲलेक रीड यांनी विरोधकांमध्ये संवाद घडविण्यासाठी वर्षानुवर्षे गुप्तपणे प्रयत्न केले. अखेर १० एप्रिल १९९८ रोजी, शुभ शुक्रवारी, करार झाला.

शांतीची वाट

२००९ मध्ये मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्यानुसार जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जो प्रश्न बंदुकीने सुटला नाही, तो ग्रामसभेने चिकाटीने सोडविला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्येष्ठ माओवादी नेते भूपती यांनी ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. मात्र शस्त्रे खाली ठेवल्याने समेट पूर्ण होत नाही. परतणाऱ्यास गावाने स्वीकारणे आणि मृताच्या कुटुंबास न्याय मिळणे, ही दोन्ही कामे आता आपल्यापुढे आहेत. म्हणून मृतांसाठी प्रार्थना करताना आपण कोणत्याही एका बाजूचीच नावे घेऊ नयेत, असे आम्हांस वाटते.